शेजारची सीट

८ जानेवारी

ताई,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं दाजी स्वतःच्या पदरचं घालून सांगतात, म्हणून पत्रच लिहितोय. आधी खुर्चीवर बस. मी गाडी घेतली.

साधी नाही, स्पोर्ट्स कार. दोन सीटची, जमिनीला टेकलेली, गडद हिरवी. आत शिरताना गुडघे कानाला लागतात. माझ्यासारखा सहा फुटी माणूस तिच्यातून बाहेर येताना बघून आमच्या इमारतीचा वॉचमन तोंड फिरवून हसतो. हसू दे. सगळी हयात लोकांच्या लिफ्ट तपासण्यात गेली, खाली-वर, खाली-वर. म्हटलं, आता जरा आडवं जाऊन बघू.

नवी मला परवडली नसती. ही नऊ वर्षांची आहे, पण मीटरवर तीन हजार किलोमीटरसुद्धा नाहीत. आता तुझ्या मनात आलं तेच माझ्याही आलं, की मीटर फिरवलेला असणार. म्हणून ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन गेलो. त्याने गाडी पार पालथी घातली. मीटर खरा आहे म्हणाला. टायर कंपनीतून आलेले तेच, ब्रेक जवळजवळ कोरे. एकच गोष्ट त्याला पटेना. "चाकं फिरली नाहीत, पण इंजिन भरपूर फिरलंय. उभ्या जागी तासन् तास चालू ठेवल्यासारखं." आणि दुसरं म्हणजे शेजारची सीट. ड्रायव्हरची ठीकठाक आहे, पण शेजारची टॅक्सीतल्यासारखी दबलेली.

मालक डोळ्यांचे डॉक्टर, आता निवृत्त. शांत, नीटनेटका माणूस. सीटचं विचारलं तर म्हणाले, "बायकोला गाडीत बसायला फार आवडायचं." त्या गेल्या वर्षी वारल्या. मग मी पुढे काही विचारलं नाही. किल्ली देताना मात्र त्यांनी ती क्षणभर धरून ठेवली. "एकटे फिरू नका हिच्यातून," म्हणाले. मी म्हटलं, जोरात नाही चालवणार, काळजी करू नका. ते म्हणाले, "वेगाचं नाही म्हणत मी." मग सोडली किल्ली.

तू आलीस की फिरवून आणतो. दाजींना टपावर बसवू.

तुझा
छोटू


१७ जानेवारी

छोटू,

पत्र मिळालं. तुझे दाजी टपावर बसायला तयार आहेत, फक्त खाली उशी लागेल म्हणाले. सोफ्याच्या दुकानात उशीला काय तोटा.

हौस केलीस, बरं केलंस. स्वतःसाठी तू शेवटची वस्तू कधी घेतलीस ते मला आठवत नाही. पण चार पानी पत्रात तुझ्या बायकोचा एका शब्दाने उल्लेख नाही. तिला गाडी आवडली का? की बघूनच तिने कपाळाला हात लावला? दबलेल्या सीटवर तिला बसवू नकोस, तिची कंबर आधीच धड नाही.

ती सीट कशी दबलीय ते नीट बघून कळव. मधोमध, पुढे, की एका अंगाला? माणूस सीटवर नुसता बसत नाही रे, हळूहळू तो तिला आपल्यासारखी करून घेतो. गिऱ्हाइकाची आरामखुर्ची दुकानात आली की घरात कोण कुठे तोंड करून बसतं हे मला फोम सांगतो. आणि उभ्या गाडीचं इंजिन कोणी तासन् तास चालू का ठेवेल, हेही मला कळलेलं नाही. डॉक्टरांना विचारायला हवं होतंस. तू ना, लोकांच्या दुःखाला इतका बिचकतोस की कामाचे प्रश्नही राहून जातात.

अंगावर गरम कपडे घाल. गाडी कितीही देखणी असली तरी थंडी वाजतेच.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

सीटचं काय सांगू, मला सगळ्या सीट सारख्याच दिसतात.

गाडी झकास आहे, पण एक खोड आहे तिला. शेजारी कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की समोर लाल दिवा लागतो आणि टिंग टिंग सुरू होतं. ते सगळ्याच गाड्यांत असतं. हिच्यात शेजारी कोणी नसलं तरी होतं.

अशा सेन्सरांशी माझा जन्म गेलाय. रिकामी लिफ्ट 'वजन जास्त' म्हणून अडून बसली की लोक घाबरतात, मी आधी तळाखालचा कचरा काढतो. इथेही तेच केलं. सीटखाली हात घालून सगळं साफ केलं, वायर काढून पुन्हा जोडली, मग मिस्त्रीने सेन्सरच नवा बसवला. फरक शून्य. गंमत अशी की मी आत बसल्याबसल्या दिवा लागत नाही. माझं दार लावून जरासा वेळ जावा लागतो. कोणीतरी गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराने आत येऊन बसावं, साधारण तेवढा.

शेवटी वैतागून रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि अडकवून टाकला. लगेच गप्प. आता हातालाच सवय झालीय, आधी तिकडचा पट्टा, मग माझा.

काल आम्ही तलावापर्यंत जाऊन आलो. पाणी अगदी शांत होतं. काचा खाली करून बराच वेळ बसलो. परत निघावंसं वाटेना.

बायको तिच्या बहिणीकडे गेलीय, तिने गाडी अजून पाहिली नाही. दाजींचा गुडघा कसा आहे?

छोटू


११ फेब्रुवारी

छोटू,

हा 'आम्ही' कोण?

बायको बहिणीकडे, गाडी दोन सीटची, आणि 'आम्ही' तलावावर. मी बहिरी आहे, आंधळी नाही.

तुझ्या दाजींना मी तुझ्या बायकोला फोन करायला लावला. ते बोलत होते आणि मी त्यांचं तोंड वाचत होते. हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला. ती ऑगस्टपासून वेगळी राहते. बहिणीकडे नाही, तिच्या कामाच्या जागेजवळ खोली घेऊन. म्हणाली, "ताईंना सांगितलं असेल असं वाटलं मला." भांडण नाही, मारझोड नाही, काही नाही. घरात दोघं असून एकटं वाटायचं, त्यापेक्षा एकटीनेच राहिलेलं बरं, एवढंच म्हणाली. तुझ्याबद्दल वाईट एक शब्द बोलली नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

अर्धं वर्ष तू मला हवापाण्याची पत्रं लिहीत होतास आणि मी उत्तरात भाबडेपणाने तिची चौकशी करत होते. माझी काय शोभा झाली असेल, विचार कर.

असो. ती दुसरी कोण आहे ते आता सरळ सांग. तुझ्याहून किती लहान? तिला नवरा आहे का? मी ओरडणार नाही. पण मला खोटं नको.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

ती गेल्याचं लिहायला बसायचो आणि पत्र आपोआप हवेवर जायचं. लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं.

दुसरी कोणी नाही. निदान तू म्हणतेस तशी नाही. कसं सांगू तुला? तूच ठरव मला काय झालंय ते.

तिकडची काच आतून धूसर होते. माझ्या बाजूची नाही. सगळीही नाही, तळहाताएवढा ठिपका, बसलेल्या माणसाचं तोंड असतं त्या उंचीवर. तो मोठा होतो, लहान होतो, पुन्हा मोठा होतो. थंडी नसतानाही. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन खाली उतरलो आणि बराच वेळ फुटपाथवर उभा राहिलो. मग परत जाऊन बसलो, कारण ऑफिसला उशीर होत होता. अशा वेळीही माणसाला ऑफिस आठवतं.

आता भीती वाटत नाही. आधी रेडिओ लावायचो, तो बंद केला. दिवसभरात काय झालं ते सांगतो. कुठल्या इमारतीत लिफ्टचं दार अडकलं, साहेब कोणावर उखडले. हे मी घरी कधी सांगत नव्हतो. कोणीतरी ऐकतंय असं वाटतं, ताई. एवढं साधं आहे ते.

आणखी एक सांगतो, म्हणजे मग माझ्याकडे लपवायला काही उरणार नाही. हल्ली आम्ही कुठे जातच नाही. कामावरून आलो की तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी लावतो आणि इंजिन चालू ठेवून तसाच बसतो. वर जाऊन तरी काय करायचं? परवा वॉचमनने काचेवर टकटक केली. "साहेब, इथे किती धूर कोंडलाय. डोकं नाही का दुखत तुमचं?" दुखत होतं. चांगलं ठणकत होतं. मला कळलंच नव्हतं. तो हसत नव्हता या वेळी.

त्या दिवशी मात्र माझं मलाच कसंतरी झालं. म्हणून ती सीट काढून पार्सलच्या ट्रकने तुझ्याकडे पाठवतोय. तू तिला नवं कव्हर घाल, फोम बदल, काय करायचं ते कर. मिस्त्री सीटचे नट सोडवत होता तेव्हा मी दोनदा त्याला थांबवलं, हेही लिहून ठेवतो.

छोटू


९ मार्च

छोटू,

सीट पोचली. उत्तराला उशीर केला, कारण खात्री झाल्याशिवाय मला तुला काही लिहायचं नव्हतं.

ती आली त्या दिवशी तिला चाकांच्या फळीवर ठेवून दुकानाच्या आतल्या भिंतीला लावली. सकाळी शटर उघडलं तर सीट शटरच्या आत, अगदी दाराशी. तुझे दाजी म्हणाले जमिनीला उतार आहे. असेल म्हटलं. पुन्हा आत नेली. दुसऱ्या सकाळी पुन्हा दाराशी. तेव्हा मी जमिनीवर तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. पाणी आतल्या भिंतीकडे वाहत गेलं. दाजी फळीच्या चाकांखाली लाकडाचे तुकडे सारून आले. तिसऱ्या सकाळी तुकडे जिथल्या तिथे होते आणि सीट दाराशी होती.

मग मी तिचं कव्हर उसवलं. आता नीट वाच.

ज्याला बसायला आवडतं तो माणूस मागे रेलून बसतो. फोम मधोमध आणि पाठीशी दबतो. हा फोम फक्त दाराकडच्या बाजूला दबलाय, पार पत्रा लागेपर्यंत. ड्रायव्हरकडची बाजू नव्यासारखी आहे. म्हणजे बसणारी व्यक्ती सगळा वेळ दाराला चिकटून, अंग चोरून बसायची. आणि दाराकडच्या कडेची शिवण उसवलेली आहे. फाटलेली नाही, टाका टाका नखाने सोडवलेली. तसं करायला किती दिवस लागतात ते मला विचार. शिवणीखालच्या फोममध्ये बोटं रुतल्याच्या खुणा आहेत. चार बोटं, पुन्हा पुन्हा त्याच जागी.

ज्या बाईला गाडीत बसायला आवडायचं तिची ही सीट नाही, छोटू. जिला उतरायचं होतं तिची आहे.

आणि तू रोज तिला पट्ट्याने बांधत होतास.

यात तुझा दोष नाही, तुला माहीत नव्हतं. पण आता डॉक्टरांकडे जा आणि विचार. या वेळी बिचकू नकोस. आणि हो, तुझ्या मिस्त्रीला सांग, ते दार आतून उघडतं का बघ.

ताई


१७ मार्च

ताई,

दार आतून उघडत नाही. मिस्त्रीने दाराचं आवरण काढलं तर आतल्या हँडलची तार कापलेली निघाली. गंजून तुटलेली नाही, पकडीने कापलेली. शेजारी कधी कोणी बसलंच नाही, त्यामुळे मला कळायचं काही कारण नव्हतं.

तसाच डॉक्टरांकडे गेलो. दुपारची वेळ होती. पुढच्या दाराला आतून कुलूप, ते काढायला त्यांना बराच वेळ लागला. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "वाजते का अजून?"

मी म्हटलं, "पट्टा लावला की नाही वाजत."

"हो. मीही लावायचो."

मग बसलो आणि त्यांनी सांगितलं. निवृत्त झाल्यावर दोघांनी हौसेने गाडी घेतली होती. खूप फिरायचं ठरलं होतं. मोजक्याच फेऱ्या झाल्या आणि बाईंना विसरायला होऊ लागलं. आधी रस्ते, मग माणसं, मग घर. रोज संध्याकाळी पर्स घेऊन पुढच्या दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, मला घरी जायचंय. हेच आपलं घर असं सांगितलं तर रडायच्या. दोनदा एकट्याच निघून गेल्या, पोलिसांनी शोधून आणलं. तेव्हापासून पुढच्या दाराला कुलूप.

"मग मला युक्ती सुचली," डॉक्टर म्हणाले. "तिला गॅरेजात न्यायचं, गाडीत बसवायचं, पट्टा लावायचा आणि इंजिन चालू करायचं. चल, घरी नेतो तुला. गॅरेजचं दार बंदच ठेवायचो. तासाभराने म्हणायचं, आलो. गॅरेजातून स्वयंपाकघरात जायला दार आहे, तिथून आत न्यायचं. सुरुवातीला खूश व्हायची. आलो बाई एकदाची, म्हणायची आणि शांत झोपायची."

"आणि नंतर?"

"नंतर तिला कळायला लागलं. बाकी सगळं विसरली, पण हे कुठेतरी कळायचं. दाराला हात घालायची. पडेल म्हणून मी तार कापून घेतली."

"गाडी तर उभी होती, डॉक्टर."

"मी थकलो होतो," म्हणाले. "तुम्हाला नाही कळायचं. रोज तेच वाक्य. रोज."

मी विचारलं, त्या वारल्या कुठे? म्हणाले, "गाडीतच. मला वाटलं डोळा लागला. मी म्हटलं, आलो गं, आणि उतरलो. ती उतरली नाही."

त्यानंतर तेही रोज संध्याकाळी गॅरेजात जाऊन बसू लागले होते. इंजिन चालू, दार बंद. एकदा शेजाऱ्यांनी बाहेर काढलं, मग दवाखान्यात ठेवलं. घरी आल्याबरोबर त्यांनी गाडी विकायला काढली. मी विचारलं, मला हे आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही घेतली असती का? आणि तुम्ही घेतली नसती, तर मी परत बसलो असतो."

मला त्यांचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्या खोलीत मला माझाच पुढचा काळ बसलेला दिसत होता.

बाईंच्या माहेरचा पत्ता त्यांनी दिला. इथून अर्ध्या दिवसाची वाट आहे. तू सीट परत पाठव. मी तिला घेऊन जातो.

छोटू


२५ मार्च

छोटू,

सीट आजच्या ट्रकने निघतेय. कव्हर नवं शिवलंय, फोम मात्र मी बदलला नाही. तो बदलावासा वाटला नाही. कडेची शिवण उघडीच ठेवली आहे.

लगेच का पाठवतेय ते सांगते. परवा मी कापड आणायला गेले होते. माघारी आले तर तुझे दाजी त्या सीटवर बसलेले. गुडघा दुखत होता म्हणून टेकले असतील. दाराकडे तोंड, अंग एका बाजूला झुकलेलं, हात कडेवर. मी समोर गेले तर माझ्याकडे बघून म्हणाले, "चला, फार उशीर झाला. मला घरी जायचंय." मला वाटलं मी ओठ चुकीचे वाचले. मी म्हटलं, अहो, वरच तर आहे घर, जिना चढलात की झालं. तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला 'बाई' म्हणाले. "बाई, तुम्ही सगळे असंच सांगता," असं.

चाळीस वर्षांचा संसार आहे आमचा, छोटू. त्या नजरेने त्यांनी माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

मी दोन्ही हातांनी धरून त्यांना उठवलं. उठल्यावर लगेच भानावर आले, आणि कापड मोजायचा गज कुठे ठेवलास म्हणून विचारू लागले. त्यांना काही आठवत नाही. मी सांगितलंही नाही.

मी त्या सीटसाठी शटर सताड उघडून पाहिलं होतं, दिवसभर. ती हलली नाही. नुसतं उघडं दार तिला पुरत नाही, तिला पोचायचंय. तेव्हा तू ने तिला. पण दोन गोष्टी ऐक. हँडलची तार जोडून घे. आणि पट्टा लावू नकोस. वाजलं तर वाजू दे, कितीही वेळ. आणि पोचलास की मला कळव, नाहीतर मी या गुडघ्याच्या माणसाला घेऊन तिथे येईन.

ताई


१९ एप्रिल

ताई,

कळवायला उशीर केला. आधी काय झालं ते माझं मला समजून घ्यायचं होतं. अजूनही सगळं समजलंय असं नाही.

मिस्त्रीने सीट बसवली, तार जोडली. सकाळी निघालो. दार लावलं, थोडा वेळ गेला, दिवा लागला आणि टिंग टिंग सुरू झालं. पट्ट्याकडे हात जायचा आणि मी तो मांडीखाली दाबून धरायचो. अर्धा दिवस तो आवाज, ताई. शहर संपलं, शेतं संपली, दुसरं शहर आलं, आवाज काही संपला नाही. मी मध्येच बोलायचो, "नेतोय तुम्हाला, खरंच नेतोय. बघा, चाकं फिरताहेत."

माहेरचं घर सापडलं. खाली आता कपडे धुण्याचं दुकान आहे, वर कोणी दुसरे राहतात. मी समोर गाडी लावली, उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि बाजूला उभा राहिलो. रस्त्यावरचे लोक माझ्याकडे बघत होते, ड्रायव्हर मालकिणीसाठी दार धरतो तसा मी. दिवा तसाच. आवाज तसाच. दुकानातली बाई बाहेर येऊन म्हणाली, "दार लावा हो, किती वाजतंय." शेवटी लावलं. मला इतकं हरल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

परत निघालो. आमच्या शहरात शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. डॉक्टरांच्या वस्तीकडे जाणारं वळण लागतं ना, तिथे आवाज अचानक थांबला. दिवा चालू, पण आवाज नाही. इतक्या तासांनी ती शांतता कानात दुखली. मला वाटलं सेन्सर दमला. वळण मागे टाकून मी सरळ माझ्या घराच्या दिशेने निघालो, तर पुन्हा सुरू. थांबलो. माघारी आलो. बंद.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाई आपल्याच घरात राहून घरी जायचंय म्हणत होत्या, आणि आपण सगळे दुसरं घर शोधत बसलो. त्यांना तिथेच जायचं होतं. पण खरोखरचं जाऊन, खरोखरचं पोचून.

डॉक्टरांच्या फाटकाशी उभा राहिलो. इंजिनाचा आवाज त्यांनी ओळखला असणार, बाहेर आले. मला बघितलं, सीटकडे बघितलं आणि काही न विचारता गॅरेजचं दार उघडायला निघाले. सवयीने. लगेच टिंग टिंग.

मी ओरडलो, "गॅरेज नको. पुढच्या दाराने."

ते मध्येच थांबले. खिशात चाचपून किल्ली काढली, पुढच्या दाराचं कुलूप काढलं आणि दोन्ही फळ्या उघड्या टाकल्या. मग गाडीपाशी आले. त्यांचा हात हँडलकडे गेला, पण मी म्हटलं, "राहू द्या. त्यांना उघडू दे."

आम्ही दोघं उभे राहिलो. ताई, मी सेन्सरवाला माणूस आहे. मी जे पाहिलं तेवढंच लिहितो. हँडल आतून ओढल्याचा आवाज आला. दार थोडं उघडलं, मग पूर्ण. वारा नव्हता. सीट हळूच वर आली, कोणी उठल्यावर येते तशी. समोरचा लाल दिवा गेला.

डॉक्टर म्हणाले, "आलो गं घरी." तेच वाक्य असणार, पण त्यांना ते नीट बोलता आलं नाही. त्यांनी कोपर पुढे केलं, म्हाताऱ्या माणसाला आधार द्यायला करतात तसं, आणि ते दाराकडे चालू लागले. एकटा माणूस इतका हळू चालत नाही. उंबऱ्यापाशी थांबले, कोणाचा तरी पाय आत पडेपर्यंत थांबतात तेवढे, आणि मग आत गेले. मी फाटकाबाहेरच होतो. थोड्या वेळाने ते खालच्या खिडकीत आले आणि त्यांनी मला हात केला. त्याच वेळी वरच्या मजल्यावरचा पडदा सरकला. त्या घरात दुसरं कोणी राहत नाही.

घरी येताना गाडी गप्प होती. तळघरात लावली, इंजिन बंद केलं आणि उतरायला दार उघडलं. शेजारी बघितलं, तर नुसती सीट. मला रडू आलं. बायको गेली तेव्हा आलं नव्हतं, ते सगळं एकदम आलं. मग वर गेलो. खिडक्या उघडल्या. तिला फोन केला आणि कसलंही कारण न देता म्हटलं, तुला आज दिवसभरात काय झालं ते सांगशील का? मग सांगायला लागली. बरंच बोलली. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, तू घाई करून तिला काही विचारू नकोस.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, या कधीतरी चहाला, पण बेल वाजवू नका, दुपारी ती झोपते. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

काल रविवारी त्यांच्या रस्त्याने गेलो. पुढचं दार सताड उघडं होतं. दारात दोन खुर्च्या मांडलेल्या, दोन्हींची तोंडं रस्त्याकडे. एकीत डॉक्टर होते. मी गाडी हळू केली. त्यांनी मला पाहिलं आणि शेजारच्या खुर्चीकडे कलून काहीतरी सांगितलं. मग तसेच कललेले राहिले, समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत आपण थांबतो तसे. आणि जे काही ऐकलं त्यावर मनापासून हसले.

तुझा
छोटू